तळघरातली मासळीची पंगत: लुटेफिस्क कुठे खावं, कसं पारखावं

लुटेफिस्कच्या, म्हणजे क्षाराच्या पाण्यात भिजवून फुगवलेल्या वाळक्या कॉड मासळीच्या, पंगतीला जायचं तर गर्दीच्या वेळी जावं. रांग टाळायची म्हणून शेवटच्या तासाला पोचलात, तर पानात पडेल ते पाहून पुन्हा या मासळीच्या वाटेला जाणार नाही, आणि त्यात मासळीचा दोष फार थोडा असेल. भांड्यातून निघाल्यापासून पानात येईपर्यंतच्या दहा मिनिटांत हा पदार्थ जमतो किंवा फसतो. रांग लांब असली की भांडी सारखी रिकामी होतात, ताजा घाणा चढत राहतो आणि मासळीला ताटकळायला वेळच मिळत नाही.

अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागात, म्हणजे मिनेसोटा, विस्कॉन्सिन, दोन्ही डाकोटा आणि आयोवाचा ईशान्य कोपरा इथे, सप्टेंबर सरता सरता या पंगती सुरू होतात आणि नाताळापर्यंत चालतात. जागा म्हणजे लुथरन चर्चचं तळघर, नाहीतर ‘सन्स ऑफ नॉर्वे’चं सभागृह. ही संस्था १८९५ साली मिनिअ‍ॅपोलिसमध्ये नॉर्वेजियन स्थलांतरितांनी एकमेकांच्या अडीअडचणीला उभं राहण्यासाठी काढली. पश्चिम किनाऱ्यावर सिअ‍ॅटलचा बॅलर्ड भाग आणि त्याच्या पलीकडचं पूल्स्बो, कॅनडात अल्बर्टा-सस्कॅचेवानची गव्हाळ गावं, जिथे जिथे नॉर्वेजियन आणि स्वीडिश कुटुंबं वसली तिथे तिथे हे जेवण आहे. मिनिअ‍ॅपोलिस-सेंट पॉलच्या आसपास मराठी घरंही बरीच आहेत. ऑफिसातल्या किंवा शेजारच्या कुणी आग्रहाने नेलंच, तर काय खायला चाललोय हे माहीत असलेलं बरं.

नावातल्या ‘लुट’चा आपल्या लुटीशी संबंध नाही. नॉर्वेजियनमध्ये लुट म्हणजे क्षाराचं पाणी, फिस्क म्हणजे मासा. स्वीडिश लोक ‘लुटफिस्क’ म्हणतात, फिनलंडात ‘लिपेआकाला’, अर्थ तोच.

मूळ माल उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवरचा. हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातून कॉड मासा अंडी घालायला तिथे येतो. पकडलेला मासा डोकं आणि आतडी काढून, शेपटीशी जोडीजोडीने बांधून फेब्रुवारीपासून लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ नाही, धूर नाही, फक्त वारा. वर्सोव्याला किंवा वसईला मांडवावर सुकणारे बोंबील पाहिलेत त्यांना चित्र लगेच कळेल, फरक हवेचा. लोफोटेनला पारा शून्याच्या आगेमागे राहतो, त्यामुळे मासा नासत नाही, गोठून फुटत नाही आणि माशी तर त्या दिवसांत नसतेच. मे-जूनपर्यंत त्याचं लाकूड होतं. मग हाताने, नाकाने आणि डोळ्याने त्याची वीसेक प्रतींत निवड होते. वरच्या प्रती इटलीला जातात. क्षारात घालायला तेवढा देखणा मासा लागत नाही, पण आतून तडकलेला किंवा गोठून भुसभुशीत झालेला चालत नाही, कारण पुढे फुगताना तोच आधी फाटतो.

असा मासा नीट ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. नॉर्वेहून संघटित स्थलांतराची सुरुवात १८२५ साली स्टाव्हांगर बंदरातून निघालेल्या ‘रेस्टॉरेशन’ या छोट्या गलबताने झाली. पुढल्या शंभर वर्षांत आठ लाखांहून जास्त नॉर्वेजियन अमेरिकेला गेले आणि त्यांतले कितीतरी समुद्रापासून हजारो किलोमीटर दूरच्या गवताळ माळावर स्थिरावले. तिथे ताजा कॉड मिळणं शक्य नव्हतं. लाकडासारखा कडक, भारे बांधून आगगाडीने पाठवता येणारा हा मासा मात्र पोचायचा. सणाची मासळी म्हणून तोच राहिला यात नवल नाही.

आता क्षाराचं काम. आधी पाच-सहा दिवस थंड पाणी, रोज बदलून. मग साधारण दोन दिवस कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात. पूर्वी याच कामाला बर्चच्या लाकडाच्या राखेची निवळी वापरायचे. त्यानंतर पुन्हा चार ते सहा दिवस थंड पाणी, पुन्हा रोज बदलून. कोहळ्याचा पेठा करताना चुन्याच्या निवळीत फोडी घालतात किंवा पापडात पापडखार घालतात, त्याच्या कैक पट जोरकस असा हा प्रकार आहे. क्षाराने प्रथिनांच्या साखळ्यांवर एकाच जातीचा विद्युतभार येतो, त्या एकमेकींना दूर ढकलतात आणि मधल्या फटींत पाणी शिरून बसतं. एक किलो सुका मासा पाच किलोच्या घरात जातो. वजनाच्या मानाने प्रथिनं निम्म्याहून खाली येतात आणि मांसाचा पोत काचेसारखा, थरथरणारा होतो. स्वीडिश पाद्री ओलाउस मॅग्नुस याने १५५५ साली छापलेल्या उत्तरेकडच्या लोकांच्या इतिहासात हीच रीत आहे: दोन दिवस कडक क्षारात, मग गोड्या पाण्यात, मग शिजवून खारवलेल्या लोण्याबरोबर. व्हायकिंगांच्या जळालेल्या मांडवाच्या राखेत पाऊस पडून हा पदार्थ जन्मला वगैरे गोष्टी पंगतीत हमखास ऐकू येतील. मीटबॉलबरोबर त्या चांगल्या लागतात, इतिहास म्हणून घेऊ नयेत.

हे क्षाराचं काम घरी करू नये. मासा क्षारात जास्त राहिला तर त्यातल्या चरबीचा साबण होतो, हे अक्षरशः. फिन लोकांत अशा बिघडलेल्या मालाला ‘साबणमासा’ म्हणायचा शब्दच आहे. कमी राहिला तर गाभा रबरासारखा. आणि नंतरचं धुणं कमी पडलं तर जिभेला चरचरतं. कॉस्टिक सोडा हाताची कातडी सोलतो, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. बाजारात तयार भिजवलेला माल मिळत असताना या वाटेला जाण्यात शहाणपण नाही.

विस्कॉन्सिन राज्यात कामगारांना विषारी पदार्थांची माहिती देण्याबद्दलचा कायदा आहे. त्यातल्या ‘विषारी पदार्थ’ या व्याख्येतून लुटेफिस्क नाव घेऊन वगळलं आहे. विनोद म्हणून कुणी रचलेलं वाटतं, पण कायद्याच्या पुस्तकात आहे.

पंगतीची व्यवस्था बहुतेक ठिकाणी एकसारखी. वरच्या मजल्यावर तिकीट घ्यायचं, त्यावर क्रमांक असतो, आणि प्रार्थनेच्या बाकांवर बसून आपला आकडा पुकारण्याची वाट बघायची. कुठे कुणी पियानो किंवा अ‍ॅकॉर्डियन वाजवत असतं. सध्या मोठ्या माणसाचं तिकीट २५ ते ३० डॉलरच्या आसपास असतं, मुलांचं बरंच कमी. काही ठिकाणी आगाऊ नोंदणी लागते, काही ठिकाणी दारात रोख पैसेच चालतात. निघण्याआधी फोन करून विचारावं. आठवड्याच्या सुट्टीला सकाळी अकरा-साडेअकराला पंगत बसते. बारा ते दोन ही उत्तम वेळ. संध्याकाळची पंगत वेगळी असेल तर तिचा पहिला तास.

आकडा पुकारला की जिना उतरून लांब टेबलांवर अनोळखी माणसांशेजारी बसायचं. हॉटेलसारखं ताट समोर येत नाही. वाडगे आणि थाळे टेबलावर फिरतात, आपण आपलं वाढून घेऊन डावीकडे-उजवीकडे सरकवायचं, आणि चर्चची पोरंटोरं वाढप्यांसारखी रिकामे वाडगे नेऊन भरलेले आणतात. हवं तितकं घ्या, पण पहिल्या फेरीत थोडंच. थाळा टेबलावर आल्याबरोबर वरची वाफ बघावी. वाफ असेल तर लगेच घ्यावं. वाफ नसेल आणि तळाशी दुधट पाणी साचलं असेल, तर तो थाळा पुढे जाऊ द्यावा आणि वाढप्याला गरम मागावं. असं मागण्यात कुणाला काही वाटत नाही. जुनी खोडं हेच करतात.

स्वयंपाकघर बघायला मिळालं तर जरूर बघावं. जुन्या पद्धतीत मासळीचे तुकडे पातळ सुती कापडाच्या पुरचुंडीत किंवा जाळीच्या टोपलीत घालून खारट उकळत्या पाण्यात सोडतात. पाणी खळखळ उकळत राहिलं तर तुकडे फुटतात, म्हणून मासळी पडताच आच कमी करतात. तुकड्याच्या जाडीप्रमाणे पाच ते दहा मिनिटं. वर काढल्यावर निथळणं हे अर्धं काम. चांगल्या ठिकाणी ज्याच्या हाती टोपली तो माणूस दुसरं काहीच करत नाही: घड्याळ, काटा, टोपली. काट्याने हलकं दाबल्यावर पाकळ्या सुटायला लागतात, रंग काचेसारख्यावरून मोत्यासारख्या पांढऱ्यावर येतो, पण पाकळीची चकाकी अजून असते, तोच क्षण. मिनिट-दोन मिनिटं जास्त झाली की प्रथिनांची जाळी आकसते, धरून ठेवलेलं पाणी सोडते आणि खाली उरतो तो थरथरणारा गोळा, ज्यावरून या पदार्थाची सगळी टवाळी होते. थाळा झाकून गरम कपाटात ठेवला तरी हेच होतं, फक्त सावकाश. म्हणूनच एकदम मोठा घाणा करून ठेवणारं स्वयंपाकघर, मग ते कितीही प्रेमाने चालवलेलं असो, मार खातं.

हल्ली पुष्कळ ठिकाणी ओव्हनमध्ये किंवा वाफेवर करतात. ओव्हनमधली मासळी जास्त घट्ट राहते आणि चवही पाण्यात निघून जात नाही. उकडलेली जास्त मऊ, आणि तिचा चुकण्याचा संभव जास्त. तरी उत्तम जमलेली उकडलेली पाकळी लोण्यात घोळून येते तेव्हा ती ओव्हनवालीपेक्षा सरस, असं आमचं मत.

चव कशी असते? सौम्य. वासाचा बोभाटा फार होतो. तो शिजताना तळघरभर असतो, पानात जवळजवळ नसतो. ताज्या कॉडपेक्षाही फिकी, किंचित सुक्या मासळीची आठवण देणारी, मागे जराशी क्षाराची झाक. सुकटीवर वाढलेल्या कोकणी जिभेला ती मिळमिळीतच वाटेल. तिखट कुठेच नाही. मिरी आणि मीठ टेबलावर असतं, ते मोकळेपणाने वापरावं. इथे मजा पोताची आहे आणि वरून पडणाऱ्या स्निग्धाची.

त्या स्निग्धावरूनच दोन पंथ आहेत. नॉर्वेजियन घरातले वितळलेलं लोणी ओततात, स्वीडिश घरातले पांढरा सॉस. मिनेसोटात दोन्ही लोक शेजारी शेजारी असल्याने पुष्कळ पंगतींत दोन्हींची भांडी टेबलावर येतात. वरणभातावर तुपाची धार धरावी तसं लोणी धरायचं, माणशी ५०-६० ग्रॅम सहज जातं, आणि ते गरमच हवं. कोमट लोणी मासळीवर पडलं की गोठून मेणासारखं चिकटतं आणि साबणाचा भास होतो. स्वीडिश सॉससाठी ३० ग्रॅम लोण्यात ३ टेबलस्पून मैदा मंद आचेवर रंग न बदलता परतायचा, ५०० मिली दूध थोडं थोडं घालून शिजवायचा, मीठ, पांढरी मिरी आणि वरून ताजा कुटलेला ऑलस्पाइस. हा ऑलस्पाइस म्हणजे मसाल्यांचं मिश्रण नव्हे, एकाच झाडाचं वाळवलेलं फळ. सॉस नेहमीपेक्षा दाट हवा, कारण मासळी पानात आल्यावरही पाणी सोडत राहते. तयार पुडीचा पातळ सॉस आला तर सरळ लोण्याकडे वळावं.

खुद्द नॉर्वेत आज लुटेफिस्कवर तळलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे आणि त्यांची सुटलेली चरबी ओततात, सोबत वाटाण्यांचं घट्ट कालवण, मोहरी आणि आक्वाव्हिट ही दारू. तिथे हॉटेलांत हे जेवण हिवाळ्यातला मोठा बेत झालं आहे. अमेरिकेतल्या चर्चमध्ये दारू नाही, वाटाणे असले तर साधे उकडलेले, आणि मांसाची फोडणी क्वचितच. नॉर्वेहून आलेला पाहुणा इथलं पान बघून गोंधळतो. इथलं जेवण जुन्या खेडेगावातलं, लोणी हीच चैन असण्याच्या काळातलं आहे, आणि तिकडे पदार्थ दरम्यान पुढे निघून गेला.

बाकीचं पान: उकडलेले बटाटे, मीटबॉल आणि त्यांचा रस्सा, घेवडा किंवा मका, कोबीची कोशिंबीर, क्रॅनबेरीचा मुरांबा. बटाट्याला कमी लेखू नये. मासळीचं पाणी आणि लोणी टिपून घेणारा तोच. मीटबॉलमध्ये बहुधा गोमांस आणि डुकराचं मांस मिसळलेलं असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं. निव्वळ शाकाहारी माणसाची सोय बटाटे, भाज्या आणि लेफ्से यांवरच होते, आणि पूर्ण तिकिटाच्या मानाने ती महाग पडते.

पण लेफ्सेसाठीही जायला हरकत नाही. ही बटाट्याची पोळी. मराठी हाताला तिची रीत परकी वाटणार नाही आणि तिच्यात काय बिघडलंय हेही आपल्याला पटकन कळतं. पिठूळ जातीचे बटाटे उकडून, गरम असतानाच सोऱ्यासारख्या दाबयंत्रातून काढतात. चार कप असा बटाटा, पाव कप लोणी, पाव ते एक तृतीयांश कप साय, एक चमचा मीठ. हे रात्रभर उघडं किंवा फडक्याखाली फ्रीजमध्ये, पूर्ण गार होईपर्यंत. मैदा नंतर, लाटायच्या जरा आधी, एक ते दीड कप. कोमट बटाट्यात मैदा मिसळला तर गोळा चिकट होतो, मग आणखी मैदा लागतो आणि पोळी चामट होते. बिघडलेल्या लेफ्सेमागे दहात नऊ वेळा हेच कारण. लाटण्यावर बारीक खाचा असतात, पोळपाटावर आणि लाटण्यावर कापड चढवलेलं असतं. पोळी इतकी पातळ की हाताने उचलली तर फाटते, म्हणून लांब चपटी काठी मधोमध सारून उचलतात आणि तव्यावर उलगडतात. तवा २६० अंश सेल्सिअसच्या आसपास, कोरडा, तेल नाही. एका बाजूला मिनिटभर, तपकिरी ठिपके आले की उलटवायची, मग फडक्यात एकावर एक रचून झाकायची, म्हणजे वाफेने मऊ राहते. आयोवातल्या क्रेस्को गावची बेथनी हाउसवेअर्स ही कंपनी यासाठीचा मोठा गोल विजेचा तवा बनवते. पोळ्या करणाऱ्या घरातही तो कामाचा आहे, कारण उष्णता कडेपर्यंत सारखी पोचते.

पंगतीत लेफ्से लोणी आणि साखर लावून गुंडाळून खातात. काही जण तिच्यात मासळी आणि बटाटा भरून सुरळी करतात. मऊ पदार्थाला मऊ आवरण, तरी लागते छान. परीक्षा अशी: गुंडाळताना तडे गेले तर शिळी किंवा उघडी राहिलेली, दाताला ओढ बसली तर मैदा जास्त, बोटाला कोरडं पीठ लागलं तर झटकायचा आळस.

गोडात नरसाळ्यासारखी गुंडाळलेली पातळ क्रुमकाके, बदामाची सांडबाकेल्स, आणि रोझेट: साचा तेलात तापवायचा, पातळ पिठात बुडवायचा, पुन्हा तेलात. गोवा-वसईकडे नाताळाला साच्यावर तळतात त्या फुलांची ही सख्खी बहीण. कुठे मैदा आणि आंबट सायीची घट्ट खीर असते, वरून दालचिनी-साखर. ती वाटीभर पुरे, त्यापुढे जेवण थांबतं. कॉफी पातळ आणि अखंड.

घरी करून पाहायचं असेल तर माल कुठे घ्यायचा? मिनिअ‍ॅपोलिसमध्ये ईस्ट लेक स्ट्रीटवर १९२१ पासूनचं इंगेब्रेट्सन्स हे दुकान आहे. मांस-मासळीच्या गल्ल्यावर लुटेफिस्क, शेजारी लेफ्से, मीटबॉलचं तयार मिश्रण, लेफ्सेच्या काठ्या, लाटणी, सगळं एका छताखाली. डिसेंबरात दाराबाहेर रांग लागते, तेव्हा नोव्हेंबरातला आठवड्याच्या मधला दिवस धरावा. भिजवून, क्षारातून काढून माल तयार करणारा तिथला मोठा कारखाना ऑलसन फिश कंपनी, १९१० पासूनचा, मिनिअ‍ॅपोलिसमधलाच. वाळलेली मासळी नॉर्वेहून येते आणि चर्चच्या कितीतरी स्वयंपाकघरांत इथलाच माल शिजतो. त्या भागातल्या मोठ्या किराणा दुकानांतही सणाच्या दिवसांत पाकिटं येतात.

घेताना तुकडा जाड, मधल्या भागाचा मागावा. शेपटीकडचा पातळ तुकडा जाड तुकड्याआधीच विरघळून जातो. कातडीसकट मिळाला तर उत्तम, कातडी तुकड्याला धरून ठेवते आणि शिजल्यावर सहज सुटते. बिनकातडीचा, काटे काढलेला माल सोयीचा पण नाजूक. रंग पांढरा ते किंचित दुधट, कडा पिवळ्या नसाव्यात. पाकिटावरून बोटाने दाबलं तर खळगा भरून आला पाहिजे. पाकिटात पाणी थोडं असणारच, पण मासळी त्यात तरंगत असेल तर तिने आधीच हार मानली आहे. गोठवलेला माल स्वस्त आणि वर्षभर मिळतो, पण वितळताना जास्त पाणी सोडतो. फ्रीजमध्ये चोवीस तास ठेवून, चाळणीत निथळत वितळवावा, बाहेर ओट्यावर नाही. माणशी ४५० ग्रॅम कच्ची मासळी धरावी. पाहुणे फक्त हेच खाणार असतील तर किलोपर्यंत. आकडा मोठा वाटतो, पण तिसरा हिस्सा तरी पाणी होऊन निघून जातो.

ओव्हन २०० अंश सेल्सिअस. काचेचं, स्टीलचं किंवा इनॅमलचं भांडं. अ‍ॅल्युमिनियम बिलकूल नको: मासळीत उरलेला क्षार त्याला खातो, भांडं काळं पडतं आणि मासळीलाही राखाडी छटा येते. मासळी थंड पाण्याने धुऊन, निथळून, कातडी खाली करून एका थरात लावायची. किलोला एक टेबलस्पून मीठ सगळीकडे सारखं भुरभुरवून अर्धा तास ठेवायचं. मीठ पाणी ओढून काढतं आणि मांस घट्ट होतं. ही पायरी गाळली तर ओव्हनमध्ये सूपच तयार होईल. सुटलेलं पाणी ओतून टाकायचं, वरून एक थेंबही पाणी घालायचं नाही. घट्ट झाकण, किंवा मासळीला न टेकणारा फॉइल. जाड तुकड्यांना ३० ते ४० मिनिटं, पण पंचविसाव्या मिनिटाला पहिल्यांदा बघायचंच. मधोमध ६३ अंशांना पोचलं की बाहेर. भांडं तिरकं धरून पाणी काढायचं, आणि टेबलावर ताटं आधीच गरम करून, बटाटे आणि लोणी मांडून तयार हवेत. माणसांनी मासळीची वाट बघायची, मासळीने माणसांची नाही.

शिजून गोळा झाला तर वेळ जास्त किंवा मीठ कमी. मध्ये रबरी राहिला तर भिजवण्यातच कमतरता होती, शिजवून सुधारणार नाही. तोंडात साबण लागला तर धुणं कमी झालं. पुढच्या पाकिटाला शिजवण्याआधी दोन-तीन तास थंड पाण्यात ठेवून, पाणी दोनदा बदलावं. चांदीचे काटे-चमचे काढू नयेत, ते काळे पडतात. ताटं मात्र जेवण झाल्याबरोबर धुवावीत, वाळलेली मासळी सरसासारखी बसते आणि मग घासणी हरते.

मिनेसोटातलं मॅडिसन हे गाव स्वतःला अमेरिकेची लुटेफिस्क राजधानी म्हणवतं. तिथे फायबरग्लासचा २५ फुटी कॉड उभा केला आहे आणि नोव्हेंबरातल्या उत्सवात लुटेफिस्क खाण्याची शर्यत लागते. फोटोपुरतं ठीक. तोंडओळख करून घ्यायची ही जागा नाही, कारण भराभर गिळताना पोताचं काहीच कळत नाही.

बऱ्याच चर्चमध्ये पार्सलचीही खिडकी असते. डब्यात बंद केलेलं लुटेफिस्क गाडीत वीस मिनिटं स्वतःच्याच वाफेत शिजत राहतं आणि घरी पोचेपर्यंत लापशी होते, परत गरम केलं तर त्याहून वाईट. त्या खिडकीवरून लेफ्सेची पाकिटं घ्यावीत. सहसा ती लवकर संपतात, म्हणून जेवायला जिना उतरण्याआधीच.